खटका खाली करें

मी, श्रीरंग दिनकर कोळेकर, वय वर्षे एकाहत्तर, मूळचा कराडचा, गेली चव्वेचाळीस वर्षे लखनऊकर, मानक नगरातील रेल्वेच्या संशोधन संस्थेतून निवृत्त झालेला यांत्रिक अभियंता, राहणार आलमबाग, हा कागद घरच्या जेवणाच्या टेबलावर बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कुणाचा दाब नाही. दारू मी घेत नाही. साखर वाढलेली असते, पण ती पायांना लागते, डोक्याला नाही, असे डॉक्टरांनी तोंडी सांगितले आहे. स्मरणशक्ती शाबूत आहे. थोडी कमी शाबूत असती तर बरे झाले असते.

यापूर्वी वकीलबाईंनी मला दीड पानाचे टाईप केलेले मृत्युपत्र करून दिले होते. ते या कागदाने रद्द समजावे. त्यात चूक काही नव्हती, पण खरेही फारसे काही नव्हते.

वकीलबाई या वेळीही म्हणाल्या, "हिंदी में लिख दीजिए कोळेकरजी, कचहरी में आसानी रहेगी।" मी मराठीतच लिहितो आहे. हिंदीत मी शेवटचे महत्त्वाचे असे जे लिहिले, त्याने काय झाले ते कलम चारमध्ये सांगतो.

कलम १. आलमबागचे घर माझ्या स्वतःच्या कमाईचे आहे. ते माझ्या पश्चात माझी पत्नी सौ. मधुमती हिचे, आणि तिच्या पश्चात आमची मुलगी जुई हिचे. तळमजल्याच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या की नाही हे मधुमतीने ठरवावे. (‘खालच्या खोल्या’ असे लिहिणार होतो. तो शब्द मी सात वर्षे टाळतो आहे, आता सवयच झाली आहे.) अंगणातला कडुनिंब तोडू नये. शेजारच्या तिवारीजींनी तो तोडावा म्हणून नगर निगमाकडे तीन अर्ज केले, त्याची पाने त्यांच्या गच्चीवर पडतात म्हणून. पडू द्यावीत.

कलम २. बँकेतील ठेवी आणि निवृत्तिवेतनाचे जे काही असेल ते वारसनोंदीप्रमाणे मधुमतीला मिळेल. यात सांगण्यासारखे काही नाही. माझ्या लाजेचा पैशांशी संबंध नाही. असता तर ती फेडता तरी आली असती.

कलम ३. अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये माझे वर्कशॉप आहे: एक जुना लेथ, ड्रिल मशीन, वाइस, कानशींचा संच, आणि मी स्वतः बनवलेल्या स्कीच्या बाइंडिंगची रेखाचित्रे. यातले काय कुणाला, ते कलम सातमध्ये येईल. आधी ही बाइंडिंग माझ्या आयुष्यात कशी आली ते सांगायला हवे. लखनऊत बर्फ दिसतो तो उसाच्या रसाच्या गाड्यावर किंवा लग्नाच्या मांडवात. मी स्वतः हिमालयातला बर्फ दोनदा पाहिला आहे, दोन्ही वेळा टॅक्सीच्या काचेतून.

बाइंडिंग म्हणजे बूट आणि स्की यांना जोडणारा सांधा. साध्या स्कीइंगमध्ये माणूस रोपवेने वर जातो आणि घसरत उतरतो. पण जिथे रोपवे नाही तिथे डोंगर आधी पायांनी चढावा लागतो, स्की पायांत घालूनच. त्यासाठी असते ती टूरिंग बाइंडिंग. तिला दोन स्वभाव लागतात. चढताना टाच मोकळी हवी आणि बुटाचे टोक पक्के जखडलेले हवे. उतरताना टाच बसलेली हवी, पण माणूस पडला आणि पाय पिळला तर बूट सुटून बाहेर आलाच पाहिजे. नाही सुटला तर लांबलचक स्की गुडघ्याला पाना लावल्यासारखी फिरवते. मी नोकरीभर डब्यांची कपलिंग तपासली. न सुटणारा सांधा कसा करायचा हे मला ठाऊक होते. वेळेवर सुटणारा सांधा मला त्यापूर्वी कुणी मागितलाच नव्हता.

तो मागितला कर्नल पृथ्वीराज घाटगे यांनी. ते साताऱ्याकडचे, निवृत्त, छावनीच्या कडेला राहतात. लखनऊच्या तरुणांचा एक क्लब ते चालवतात आणि दर हिवाळ्यात मुलांना उत्तराखंडातल्या औलीच्या वरच्या उतारांवर घेऊन जातात. २०१६ साली ते प्लास्टिकच्या पिशवीत एक मोडकी परदेशी बाइंडिंग घेऊन आले. तिचा सुटा भाग यायला हिवाळा संपला असता.

"कोळेकर, हे तुमच्याच्यानं होईल का?"

"बघतो," मी म्हणालो. आमच्याकडे ‘बघतो’ म्हणजे नाही. माझ्या बाबतीत त्याचा अर्थ पुढची दोन वर्षे असा झाला.

ती मोडकी मी दुरुस्त केली, आणि मग स्वतःची करायला घेतली. जून महिन्यात, बाहेर चव्वेचाळीस अंश असताना, बख्शी का तालाबच्या बाजूला बटाट्यांच्या एका शीतगृहात मी माकडटोपी घालून आणि स्कीचे बूट चढवून बसत असे. बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आणायच्या, त्यांचा कीस करायचा, तो बाइंडिंगमध्ये ठासायचा आणि बघायचे की ती बसते की अडते. बटाट्याची पोती उचलणारे हमाल उभे राहून बघत. एकाने विचारले, "साहब, ये किस चीज़ की पूजा है?" मी त्याला तीन मिनिटे समजावले. तो म्हणाला, "अच्छा," आणि पोते उचलून गेला.

माझ्या बाइंडिंगमध्ये नवे असे दोन गुण होते. टाचेच्या तळाशी एक पायरी होती, जी चढ वाढला की न वाकता काठीच्या टोकाने उंच करता यायची. दुसरे असे की या जातीच्या बाइंडिंगमध्ये बुटाच्या टोकाच्या तळाशी बर्फ साठतो आणि बूट नीट बसत नाही. अनुभवी माणूस दर वेळी काडीने किंवा चाकूने तो बर्फ काढतो. मी तिथे रबराची गादी बसवली. बूट दाबला की बर्फ आपोआप बाहेर. म्हणजे माझ्या बाइंडिंगमधून बर्फ कोरून काढायची गरजच नव्हती. हे लक्षात ठेवावे, पुढे लागेल.

आणि पुढे एक खटका होता. वर उचलला की टोक पक्के जखडलेले, ते चढण्यासाठी. दाबून बसवला की टोक धरलेले पण सुटू शकणारे, ते उतरण्यासाठी. क्लबकडे त्याआधी जी जुन्या पद्धतीची बाइंडिंग होती तिच्यात पुढे खटकाच नव्हता. सबब तो कसा वापरायचा हे सांगणे माझे काम होते.

कलम ४. हे कलम मी सहा वेळा लिहून फाडले आहे.

खरे म्हणजे मी औलीला जाऊन प्रात्यक्षिक द्यायला हवे होते. कर्नलसाहेबांनी बोलावले होते. मी गेलो नाही. स्की घालून मला उभेही राहता येत नाही, आणि ते पोरांनी बघावे असे मला वाटत नव्हते. ज्याने वस्तू बनवली तोच तिच्यावरून आपटला असे झाले असते. म्हणून मी पहिल्या तीन जोड्या बसने पाठवल्या आणि सोबत हिंदीत एक छापील कागद दिला.

हिंदीचा मला गर्व होता. संस्थेच्या हिंदी पखवाड्यात निबंधाला दोनदा पहिला नंबर, अर्थात हिंदी मातृभाषा नसलेल्यांच्या गटात. पण त्या गटाचा उल्लेख मी घरी कधी केला नाही. जुई इथेच वाढली. मी तिच्याशी मराठीत बोलतो आणि ती उत्तर हिंदीत देते. ती माझ्या हिंदीला हसते म्हणून तो कागद मी तिला दाखवला नाही. लिहून सरळ छापखान्यात नेला.

छापखाना नक़वीसाहेबांचा. सत्तरीचे, फार अदबीचे गृहस्थ. त्यांनी मजकूर वाचला, चष्मा कपाळावर घेतला आणि एका ओळीवर बोट ठेवले.

"इंजीनियर साहब, यह जुमला ज़रा एक बार देख लीजिएगा।"

"क्यों? क्या ख़राबी है?"

"ख़राबी नहीं है। बस हमारी समझ में नहीं आया।"

मी म्हणालो, "नक़वी साहब, यह तकनीकी चीज़ है। और हिंदी में हमारे पास प्रथम पुरस्कार है।"

ते म्हणाले, "जी, फिर तो ठीक ही होगा।" आणि छापले.

ती ओळ अशी होती: ‘उतरने से पहले अगला खटका खाली करें।’

मराठी वाचणाऱ्याला यात काही खटकणार नाही. तेच तर झाले. खटका खाली करा, म्हणजे दाबून तळाशी न्या. पण हिंदीत खाली म्हणजे रिकामा. हे मला माहीत नव्हते असे नाही. सदतीस वर्षे मी या शहरात ‘सीट खाली है क्या’ विचारत होतो. भाजीवाल्याला ‘थैली खाली कर दो’ म्हणत होतो. जिभेला हिंदी येत होती. त्या दिवशी हाताने मराठी लिहिली आणि डोळ्यांनी ती मराठीतच वाचली.

फेब्रुवारी २०१८ मध्ये माझी बाइंडिंग घालून पहिला उतरला तो सौरभ रस्तोगी. आमच्याच आलमबागचा, तेव्हा सव्वीस वर्षांचा, क्लबमधला सर्वांत चांगला. त्याच्या वडिलांचे चष्म्याचे दुकान आहे. त्या दुकानात बसायचे नाही म्हणून तो डोंगरावर गेला होता, आणि पुढच्या मोसमापासून क्लबचा मुख्य प्रशिक्षक होणार होता. तो वर चढला. कागद काढून वाचला. खटका खाली करें. त्याने बाइंडिंगमधला बर्फ कोरून खटका रिकामा केला, चाकूच्या टोकाने, अगदी नीट. खटका होता तसा वर, जखडलेलाच राहिला. अर्ध्या उतारावर तो पडला. उजवी स्की कशीबशी निघाली. डावी सुटली नाही.

डाव्या गुडघ्याचे स्नायुबंध तुटले, खालचे हाड दोन ठिकाणी मोडले. (इथे हा शब्द टाळता आला नाही.)

मी इस्पितळात गेलो. तो गुंगीत होता, पण ओळखले त्याने. म्हणाला, "अंकल, मैंने खाली किया था। तीन बार खाली किया।"

मी म्हणालो, "पर खटका तो ऊपर मिला, सौरभ।"

"हाँ, ऊपर ही था।"

खाली केला म्हणतो आणि वरच होता म्हणतो. मला वाटले, एक तर भूल उतरली नाही किंवा हा खोटे बोलतो आहे. यातले दुसरे मी धरले, कारण ते माझ्या सोयीचे होते. क्लबने माझ्याकडून तांत्रिक अहवाल मागितला. तो मी इंग्रजीत दिला. त्यातल्या शेवटच्या वाक्याचा अर्थ असा: वापरणाऱ्याचे निवेदन वस्तुस्थितीशी जुळत नाही. सभ्य भाषेत पोराला खोटारडा म्हटले. कर्नलसाहेब सैनिक माणूस. पडलेल्याला ते खांद्यावर घेऊन दहा मैल चालतील, पण खोटे बोलणाऱ्याला उभे करत नाहीत. त्यांनी सौरभचे नाव यादीतून काढले आणि त्याला परत फोन केला नाही.

हे सगळे मी अज्ञानात केले, असे म्हणून इथे थांबता आले असते. पण अज्ञान फक्त अकरा दिवस टिकले.

अकराव्या दिवशी तो कागद या टेबलावर लोणच्याच्या बरणीच्या बुडाशी पडला होता. मधुमती मटार सोलत होती. जुईने कागद ओढून वाचला आणि म्हणाली, "बाबा, इसमें बर्फ़ साफ़ करने का तो लिखा है। लीवर नीचे करने का कहाँ लिखा है?"

मी म्हणालो, "लिहिलंय की. हे काय." आणि बोट ठेवून मोठ्याने वाचायला लागलो. ‘खाली’पर्यंत आलो आणि माझी जीभ थांबली. हाताने मटारची एक शेंग उचलली आणि परत ठेवली.

"राहिलं असेल," मी म्हणालो. जुई फोन बघत आत गेली. मधुमतीला दोन्ही भाषा येतात. तिने कागद घेतला, वाचला, आणि माझ्याकडे बघितले.

"अहो, तो खरं बोलत होता," ती म्हणाली. "जाऊन सांगून या."

मी गेलो नाही. मी त्या दुपारी एक प्रत सोडून उरलेले सगळे कागद अंगणात घमेल्यात जाळले आणि ‘नीचे करें’ असे लिहून नवे छापून घेतले, तेही दुसऱ्या छापखान्यात. बाइंडिंगची बाकीची गिऱ्हाइके वाचली. सौरभ तेवढा वाचला नाही, आणि त्याला आपण का वाचलो नाही हेही कळले नाही. मी पुढे आणखी चौदा जोड्या केल्या. त्या उत्तम चालल्या. अहवाल माझाच होता, त्यामुळे बाइंडिंग निर्दोष ठरली होती.

सौरभ आता तेहतीस वर्षांचा आहे. वडिलांच्या दुकानात बसतो. दर दिवाळीला मिठाईचा डबा घेऊन येतो, कारण मी इस्पितळात दोनदा भेटायला गेलो हे तो विसरलेला नाही. डावा गुडघा पुरता वाकत नाही, तेव्हा एका हाताने खुर्ची धरून कमरेतून झुकतो आणि माझ्या पायांना हात लावतो. मी आशीर्वाद देतो. साडेसात वर्षांत आठ वेळा मी तो नमस्कार घेतला आहे. तो आला की मधुमती स्वयंपाकघरात जाते आणि तो जाईपर्यंत बाहेर येत नाही. त्याला वाटते काकींचा त्याच्यावर राग आहे.

कलम ५. हिंदी निबंधाच्या दोन पितळी ढाली शोकेसमध्ये आहेत. त्या नक़वीसाहेबांच्या छापखान्यात द्याव्यात. नक़वीसाहेब चार वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या मयताला मी गेलो होतो आणि मागच्या रांगेत उभा होतो. त्यांच्या मुलाला सांगावे की वडिलांनी एका ओळीवर बोट ठेवले होते, ते बरोबर ठेवले होते. ढालींचे पितळ चांगले आहे. टाईपच्या पेट्यांना कड्या होतील.

कलम ६. २०१९ च्या गणेशोत्सवात इथल्या मराठी मंडळींनी ‘बर्फाशी झुंजणारा कराडकर’ म्हणून मला शाल आणि श्रीफळ दिले. नारळाची त्याच आठवड्यात चटणी झाली. ती मी खाल्ली, हेही लिहून ठेवतो. शाल कपाटात आहे. ती माझ्या अंगावर घालू नये, कुठल्याही प्रसंगी.

याच संबंधात आणखी एक. गेल्या महिन्यात कर्नलसाहेबांचा मुलगा हर्षवर्धन परदेशातून आला, तो अगदी नवी टूरिंग बाइंडिंग घेऊन. मी ती हातात घेतली. वजन एका मोठ्या पेरूइतके. माझी तिच्या तिप्पट होती. पुढचे टोक पाय पिळला की स्वतःच बाजूला सरकून बूट सोडते. खटका चुकून वर राहिला तरीही, असे तो म्हणाला. मी ती उलटीपालटी करून पाहिली. कुठेही एक शब्द लिहिलेला नव्हता. बुटाचे चित्र होते, डोंगराचे चित्र होते, आणि दोन बाण. कुणालाही, कुठल्याही भाषेत, दुसरा अर्थ लावताच येऊ नये असे. हर्षवर्धन म्हणाला, "काका, कसली भारी आहे ना?" मी हो म्हणालो. माझ्या लेथवर दोन बाण कोरायला पाच मिनिटे लागली असती.

कलम ७. ~~माझ्या मृत्यूनंतर तेराव्या दिवशी जुईने सौरभ रस्तोगी यास सोबतचे बंद पाकीट नेऊन द्यावे. त्यात सर्व खुलासा व मूळ छापील कागदाची एक प्रत आहे. तसेच कलम तीनमधील वर्कशॉप, लेथसह, त्यास देण्यात यावे.~~

वरील कलम खोडले आहे. खोडाखोड माझीच आहे. कारण असे.

मसुदा मी परवा मधुमतीला वाचायला दिला. ती वाचायला लागली की मध्ये बोलत नाही. सगळे वाचून तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. तो चष्मा सौरभच्या दुकानातला आहे.

"सातवं कलम बघितलं," ती म्हणाली.

"मग?"

"म्हणजे तुम्ही फोटोत हार घालून बसणार, आणि तो पोरगा पाकीट हातात घेऊन समोर उभा राहणार. त्यानं विचारायचं कुणाला?"

"सगळं लिहिलंय त्यात."

"लाज वाटते म्हणूनच लिहिलंत ना एवढं? मग लाज वाटायला माणूस जिवंत लागतो." ती उठली आणि जाताना म्हणाली, "आणि लेथ कशाला देताय त्याला? त्यानं कधी मागितला?"

मी रात्रभर वगैरे विचार केला नाही. तिथेच बसून कलम खोडले. मग वकीलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये, पुढे भांडणे निघतात. म्हणजे सौरभ एक तर घेणारा होईल किंवा साक्षीदार. लेथ देऊन मला काय हवे होते ते मला कळले: त्याने घ्यावा, आणि घेतला म्हणून गप्प बसावे. म्हणून त्याला या कागदाने काहीही देत नाही. वर्कशॉप जुईचे. तिने ते विकावे किंवा कुठल्या शिकाऊ मुलांच्या संस्थेला द्यावे. सौरभला साक्षीदार म्हणून बोलावले आहे. त्याला मराठी वाचता येत नाही. मृत्युपत्राला साक्षीदाराने मजकूर वाचायलाच हवा असा कायदा नाही. तरी मी हे सगळे त्याला हिंदीत वाचून दाखवणार, आणि मगच आमच्या सह्या होणार.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी जुईने करावी. तिला हे कठीण जाईल, कारण मराठी ती वाचते पण कंटाळते. बेटा, हे एवढे वाच.

पुरवणी, सहीपूर्वी लिहिलेली.

आज रविवारी सकाळी अकराला सौरभ आला. दुसऱ्या साक्षीदार गीता अवस्थी, आमच्या समोरच्या, शाळेत तीस वर्षे हिंदी शिकवलेल्या, आधीच येऊन बसल्या होत्या. सौरभ नेहमीप्रमाणे खुर्ची धरून वाकायला लागला. मी पाय मागे घेतले. त्याला ते विचित्र वाटले असावे.

"बस साइन करना है न, अंकल? दुकान पर पापा अकेले हैं।"

"पहले सुनना पड़ेगा," मी म्हणालो.

मी वाचत गेलो, हिंदी करत गेलो. जिथे अडलो तिथे अवस्थीबाईंनी शब्द दिला. घराचे, कडुनिंबाचे तो मान हलवत ऐकत होता. बटाट्यांच्या शीतगृहाला हसलाही. कलम चार सुरू झाले तसा तो सरळ बसला. ‘खटका खाली करें’ ही ओळ मी वाचली आणि सांगितले की मराठीत याचा अर्थ काय होतो.

"एक मिनट," तो म्हणाला. "खाली मतलब नीचे?"

"हाँ। हमारे यहाँ नीचे।"

"नीचे," तो म्हणाला. "अंकल, मैं तो सात साल से यही सोचता रहा कि ठीक से खाली नहीं किया होगा। थोड़ी बर्फ़ रह गई होगी कहीं।"

हे मला माहीत नव्हते. मी समजत होतो, आपण खरे बोललो हे निदान त्याला तरी ठाऊक असेल. त्याने माझ्या अहवालावर विश्वास ठेवला होता. सगळे जग त्याला खोटा म्हणत असताना तो स्वतःला निष्काळजी म्हणत होता. मी मान वर करू शकलो नाही. पुढचे, कागद जाळल्याचे, मी मान न उचलताच वाचले.

त्या अपघातातली डावी बाइंडिंग मी तेव्हापासून कपाटात ठेवली आहे, खटका सापडला तसाच वर. ती आणून त्याच्यासमोर ठेवली. त्याने अंगठ्याने खटका दाबला. कट् असा बारीक आवाज झाला.

"बस इतना करना था?"

"बस इतना।"

स्वयंपाकघराच्या दारात मधुमती येऊन उभी होती. मी हात जोडले आणि माफी मागितली. तो म्हणाला, "माफ़ी का बाद में देखेंगे, अंकल। पहले कर्नल साहब को फ़ोन लगाइए।"

मी लावला आणि मराठीत सुरुवात केली. सौरभ म्हणाला, "हिंदी में बोलिए। मुझे भी सुनना है।" म्हणून हिंदीत सांगितले, एकेक करून, नक़वीसाहेबांच्या बोटापासून घमेल्यापर्यंत. कर्नलसाहेब म्हणाले, "सौरभ आहे का तिथं? द्या त्याच्याकडे."

मी फोन पुढे केला. त्याने हात पुढे केला नाही.

"उनसे कहिए दुकान पर आ जाएँ," तो म्हणाला. "मैं ज़्यादा चल नहीं पाता।"

मी तसेच सांगितले. कर्नलसाहेब म्हणाले, आज संध्याकाळी येतो. माझा जुना अहवाल खोटा आहे, असे पत्र मी आताच लिहून त्यांच्याकडे पाठवण्यासाठी जुईकडे दिले आहे. मूळ छापील कागद पाकिटातून काढून सौरभच्या हाती दिला. तो त्याने घडी करून खिशात ठेवला. मिठाई मधुमतीने त्याच्यासमोर ठेवली. त्याने खाल्ली नाही, पण काकींनी भरून दिलेला डबा वडिलांसाठी घेतला.

येथवर लिहिलेले सर्व माझे आहे, मराठीत लिहिले, हिंदीत वाचून दाखवले. त्यातला प्रत्येक शब्द ऐकणाऱ्याला समजला की नाही हे या वेळी विचारून घेतले आहे. यावर राजीखुशीने सही करतो.

श्रीरंग दिनकर कोळेकर
(सही)

ठिकाण: आलमबाग, लखनऊ
तारीख: ९ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार, ज्यांच्यासमोर वरील सही झाली:

१. गीता अवस्थी, निवृत्त अध्यापिका, आलमबाग. (सही)

२. सौरभ रस्तोगी, चश्मे की दुकान, आलमबाग. (सही)

दुसऱ्या साक्षीदाराने सहीखाली स्वतःच्या हाताने लिहिले:

‘पूरा पढ़कर सुनाया गया, समझ लिया। गवाह की हैसियत से यह भी दर्ज करता हूँ कि खटका मैंने खाली किया था।’